सेज ग्रीन मांडव, लाल मांडव आणि आईची फिकट साडी

एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव काढून आणि बरंच छोटं करून देतेय, कारण मूळ पत्र चार पानी आहे.

ती २८ वर्षांची, नोकरी पुण्यात, माहेर नाशिक. फेब्रुवारीत नाशिकलाच लॉन्सवर लग्न आहे, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, संध्याकाळी तिथेच रिसेप्शन. तिचे बाबा जाऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात घरात खूप धावपळ, कागदपत्रं, दवाखाना, रडारड झाली, त्यामुळे लग्न तरी शांत वाटलं पाहिजे असं तिने ठरवलंय. नेटवर वाचून तिने रंग पण काढलेत: सेज ग्रीन (राखाडी झाक असलेला फिकट हिरवा), आयव्हरी, पावडर ब्लू आणि थोडा पीच. हिरवा म्हणजे शांती, निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे उत्तेजना, म्हणून लाल अजिबात नको. होणाऱ्या सासूबाईंचं म्हणणं आहे की लग्नघर लग्नघरासारखं दिसलं पाहिजे, लाल-पिवळं-हिरवं, झेंडू, केळीचे खांब. होणारा नवरा म्हणतो तुला आवडेल ते कर. डेकोरेटरला टोकन द्यायचंय. शिवाय पाहुण्यांना पेस्टलचा, म्हणजे फिकट रंगांचा, ड्रेस कोड द्यावा का हाही प्रश्न आहे. आणि पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत, "आईला काहीतरी फिकटच घेणार आहोत, मोतिया नाहीतर राखाडी, आत्या म्हणाली तेच बरं दिसेल. कन्यादान काका-काकू करतील." तिचा प्रश्न एवढाच की कुठले रंग निवडले तर वातावरण शांत राहील आणि कुणी दुखावणार पण नाही.

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचून पहिली गोष्ट जाणवली ती ही की तू खूप दमली आहेस आणि तरी सगळ्यांसाठी काहीतरी छान करायला बघतेयस. रंगांचा एवढा विचार करतेस त्यात काही चूक नाही. काही लोक म्हणतील की काय ते रंग, एक दिवसाचं तर काम. मला तसं नाही वाटत. त्या दिवशी डोळ्यांना जे दिसतं ते मनात बसतं, पुढे वर्षानुवर्षं फोटोत तेच समोर येतं, त्यामुळे विचार कर, भरपूर कर. फक्त तू ज्या पायावर विचार करतेयस तो जरा तपासूया.

हिरवा म्हणजे शांत, निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे उत्तेजना, अशा याद्या नेटवर शेकड्याने आहेत. पण रंग असा एकटा येऊन मनावर काम करत नाही गं. कुठे आहे, किती आहे, कुणाच्या अंगावर आहे, बघणाऱ्याने तो आधी कधी बघितलाय, यावर सगळं ठरतं. भडक पोपटी रंगाची अख्खी भिंत बघ आणि मग जुन्या वाड्याची विटांची लाल भिंत बघ, कुठली शांत वाटते? म्हणजे रंग कुठला यापेक्षा तो किती गडद, किती फिका, किती झगझगीत हे जास्त महत्त्वाचं असतं, आणि त्या याद्यांमध्ये नेमकं तेच नसतं.

आपल्याकडे तर रंग आणि भाव यांची यादी फार जुनी आहे. नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिलाय. त्यात शृंगाराचा रंग लाल नाही, श्याम आहे, म्हणजे सावळा. लाल आहे रौद्राचा. हास्याचा पांढरा, अद्भुताचा पिवळा, आणि करुणाचा कपोत, म्हणजे पारव्याच्या पंखासारखा राखाडी. आता ही यादी आणि तुझी नेटवरची यादी शेजारी ठेव, फारशा जुळत नाहीत, आणि तरी दोन्ही आपापल्या ठिकाणी खऱ्या असू शकतात कारण दोन्ही कुणीतरी शिकलेल्या, सवयीच्या गोष्टी आहेत.

काळ्याचंच घे. लग्नात काळं नको म्हणतात, आहेर करताना सुद्धा लोक काळी साडी टाळतात. पण त्याच नवरीच्या गळ्यात काळे मणी घालतात, आणि लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिला हौसेने काळी चंद्रकळा नेसवून वर हलव्याचे दागिने घालून सगळ्या बायकांमध्ये बसवतात. पांढऱ्याचं पण तसंच. गोव्यातल्या ख्रिस्ती घरात नवरी चर्चमध्ये पांढऱ्या गाऊनमध्ये असते आणि तिच्यासाठी सादो, म्हणजे लग्नातला लाल पोशाख, तोही शिवतात. केरळमध्ये कितीतरी नवऱ्या पांढरट कसवू साडीत लग्नाला उभ्या राहतात. आणि युरोपातसुद्धा पांढरा गाऊन म्हणजे लग्न हे समीकरण पक्कं झालं ते व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये पांढरा घातल्यानंतर, त्याआधी बहुतेक मुली आपल्याकडे असलेला चांगल्यातला चांगला ड्रेस घालायच्या, रंग कुठलाही असो.

हे सगळं सांगतेय ते यासाठी की आयव्हरी म्हणजे शांती हे तुझ्यापुरतं खरं आहे. तू पुण्यात राहतेस, मैत्रिणींची लग्नं बघितलीस, इन्स्टावर हजार फोटो बघितलेस, तुझ्या डोळ्यात आयव्हरी आणि पांढरी फुलं म्हणजे प्रसन्न काहीतरी आहे. पण तुझ्या आईने दीड वर्षापूर्वी घरात पांढरी फुलं कशासाठी आणलेली बघितली ते आठव. निशिगंध, पांढरी शेवंती, पांढरी चादर. मांडवभर तेच दिसलं तर तिला शांत वाटेल की पोटात गोळा येईल, हे मला माहीत नाही, तुलाही नाही, तिला विचारावं लागेल. थेट विचार, की आई, सगळी पांढरी फुलं लावली तर तुला कसं वाटेल. कदाचित ती म्हणेल मस्त दिसेल. कदाचित गप्प बसेल. गप्प बसली तर ते उत्तर समज आणि पांढऱ्याच्या जागी पीच आणि गुलाबी आण. नाशिकला गुलाबाची काय कमी आहे, मुघलांच्या काळात गावाचं नावच गुलशनाबाद होतं. फक्त फेब्रुवारीत चौदा तारखेच्या आसपास गुलाबाचे भाव चढतात, तुझी तारीख त्या आठवड्यात असेल तर फुलवाल्याशी आत्ताच बोलून ठेव.

आता तुझ्या सासूबाईंबद्दल. तुला त्यांचं म्हणणं जुनाट वाटतंय हे पत्रातून कळतं. पण मला वाटतं तुम्ही दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय आणि भांडण एकाच गोष्टीवर असल्यासारखं चाललंय. तू बोलतेयस मागच्या कापडाबद्दल, स्टेजबद्दल, पडद्यांबद्दल. त्या बोलतायत लग्नाच्या रंगांबद्दल. आणि लग्नाचे रंग तर ठरलेलेच असतात, ते कुठला डेकोरेटर बदलू शकत नाही. हळद पिवळी असणार. कुंकू लाल असणार, अक्षता त्याच कुंकवाने रंगणार, अंतरपाटावर स्वस्तिक लाल असणार. तुझ्या हातात हिरवा चुडा असणार. बऱ्याच घरात मामाकडून येते ती पिवळी अष्टपुत्री तुझ्याकडेही येईलच. आंब्याचं तोरण, केळीचे खांब, मुंडावळ्या. म्हणजे लाल-पिवळं-हिरवं तुझ्या लग्नात आहेच, तू नको म्हटलंस तरी आहे.

आणि दुसरं, माणसं. आपल्याकडच्या लग्नाला चार-पाचशे माणसं म्हणजे काही विशेष नाही. त्यातल्या बायका पैठण्या, कांजीवरम, नारायणपेठी नेसून येणार, डाळिंबी, मोरपिशी, राणी, अंजिरी, गुलबक्षी. फेटे असणार. एवढा रंग ज्या जागेत चालत फिरत असतो तिथे मागचं कापड साधं, फिकट असेल तर माणसं उठून दिसतात. मागे पण लाल-पिवळं-झेंडू-चमकी सगळं ठासून भरलं तर डोळ्यांना कुठे थांबायचं तेच कळत नाही. म्हणजे तुझी फिकट पार्श्वभूमीची कल्पना चांगली आहे, फक्त तिचं कारण बदल. सासूबाईंना "लाल भडक वाटतो" म्हणू नकोस, त्यांना सांग की तुमची पैठणी आणि माझा शालू फोटोत नीट दिसावा म्हणून मागे साधं ठेवतेय, आणि झेंडूचं तोरण, केळीचे खांब, होमाभोवतीची रांगोळी हे सगळं तुम्ही म्हणाल तसं करूया. हे नुसतं गोड बोलणं नाहीये, खरोखरच असंच आहे. आणि लालचा एवढा धसका घेऊ नकोस, लाल रंग आमटीतल्या मिठासारखा असतो, नाहीच घातला तरी बेचव आणि मूठभर पडला तरी सगळं गेलं.

आता प्रकाशाचं सांगते कारण या एका गोष्टीकडे जवळजवळ कुणीच बघत नाही आणि मग पैसे वाया जातात. तुझा मुहूर्त दुपारी साडेबाराचा, उघड्या लॉनवर. फेब्रुवारीतलं नाशिकचं ऊन म्हणजे थंडी सरत आलेली आणि वरून लख्ख प्रकाश. अशा उन्हात अगदी फिकट रंग पार धुऊन निघतात, पावडर ब्लू आणि आयव्हरी दोन्ही फोटोत नुसते पांढरे येतात. दुसरं, मांडवाच्या वरचं कापड ज्या रंगाचं असतं तो रंग खाली सगळ्यांच्या तोंडावर पडतो. वर हिरवं कापड लावलंस, सेज असो की कुठलंही, तर खाली सगळे आजारी दिसणार. लाल लावलंस तर सगळे तापलेले. म्हणून वर क्रीम किंवा मळकट पांढरं, दुसरं काही नाही. सेज ग्रीन हवाच असेल तर तो बाजूला, उभ्या पडद्यांत, खुर्च्यांच्या पट्ट्यांत, आणि जमेल तितका कापडाऐवजी खऱ्या पानांत आण. पानांचा हिरवा उन्हात मरत नाही.

संध्याकाळी गणित उलटं होतं. लॉन्सवर पिवळसर दिवे लावतात, ज्याला वॉर्म व्हाईट म्हणतात, साधारण २७०० ते ३००० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). त्यात निळे रंग मळतात, पावडर ब्लू राखाडी दिसायला लागतो, सेज ग्रीन खाकीकडे झुकतो. पीच, गुलाबी, डाळिंबी, सोनेरी, जर, हे सगळे त्याच उजेडात फुलतात. पांढरेशुभ्र ६५०० केल्विनचे दिवे लावले तर निळा बरा दिसेल पण माणसांचे चेहरे फिके पडतील आणि जरीची चमक पण थंड होईल, म्हणजे तेही नको. मग साधा उपाय असा की दुपारी हिरवं आणि क्रीम, त्यावर विधींचे लाल-पिवळे रंग, आणि संध्याकाळी त्याच क्रीम कापडावर फुलं बदलून पीच-गुलाबी. निळा मी तुझ्या जागी असते तर सोडूनच दिला असता. एक गोष्ट डेकोरेटरला लिहून दे: स्टेजवर जांभळे-निळे फिरणारे एलईडी पार लाईट, म्हणजे रंगीत झोत टाकणारे दिवे, लावायचे नाहीत. तो म्हणेल पॅकेजमध्येच आहेत, फुकट आहेत. नको म्हणायचं. त्या लाईटखाली कुठलीही साडी कुठल्याही रंगाची दिसते, सगळं ठरवलेलं पाण्यात जातं.

आणि ठरवायच्या आधी कापडाचे हातभर तुकडे मागून घे, मोबाईलवरच्या फोटोवरून ठरवू नकोस. ते घेऊन दुपारी साडेबाराला त्या लॉनवर जा, भावाला किंवा मैत्रिणीला चेहऱ्याजवळ धरायला लाव, फोटो काढ, मग संध्याकाळी सातला दिव्याखाली परत तेच कर. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुझा शालू आणि पैठणी आलेल्या असतील तर त्या पण ने, कारण पैठणीत बऱ्याचदा ताण्याचा एक रंग आणि बाण्याचा दुसरा असतो, धूपछाँव, ती उन्हात आणि दिव्यात दोन वेगळ्या साड्या असल्यासारखी दिसते.

ड्रेस कोडचं एका वाक्यात सांगते, देऊ नकोस. पेस्टल साडी किंवा कुर्ता बहुतेक नातेवाईकांकडे नसतो, मग तो विकत घ्यावा लागतो, आणि ज्यांना परवडत नाही ते बोलत नाहीत पण मनात ठेवतात, काही जण येतच नाहीत. हळदीला पिवळं चालेल कारण काहीतरी पिवळं सगळ्यांच्या घरात निघतं. बाकी एकसारखं दिसावं अशी हौस असेल तर पुरुषांना एकाच रंगाचे फेटे बांध, त्याचा खर्च तू करतेस, कुणावर ओझं नाही आणि हौसेने बांधून घेतात सगळे.

अजून एक, शांततेबद्दल. लग्नात माणसं ज्याने कावतात त्याची यादी कर आणि बघ त्यात रंग कितव्या नंबरला येतो. कर्कश स्पीकर. मुहूर्त झाल्यावर जेवणाची रांग. म्हाताऱ्या माणसांना बसायला सावलीत खुर्ची नाही. रिसेप्शनला दीड तास लाईनीत उभं राहून दोन सेकंदांचा फोटो. नवरीला सकाळपासून चहा मिळालेला नाही. तुला लग्न शांत हवंय ना, मग सनई-चौघडा कमी आवाजात ठेव, मंगलाष्टकं म्हणणाऱ्याचा माईक सोडून दुसरा माईक दुपारी चालू नको, आणि मुहूर्त ते रिसेप्शन यात दोन तास तुझ्यासाठी आणि आईसाठी एक खोली, जिथे कुणी यायचं नाही, दार लावून आडवं व्हायचं. याचा शांततेशी सेज ग्रीनपेक्षा कितीतरी जास्त संबंध आहे.

आणि आता त्या एका ओळीकडे येते, जी तू जाता जाता लिहिलीस. आईला मोतिया नाहीतर राखाडी.

चार पानं तू रंगांनी माणसांना कसं वाटेल याचा विचार केलास आणि ज्या एका माणसाच्या अंगावर त्या दिवशी रंग असणं किंवा नसणं सगळ्यात जास्त लागणार आहे, तिचा निर्णय आत्याच्या एका वाक्यावर झाला. मी तुला दोष देत नाहीये. घरात माणूस गेल्यावर असे निर्णय आपोआप होतात, कुणी वाईट हेतूने करत नाही, आत्याचा पण भाऊच गेलाय. पण वर मी ती रसांची यादी दिली त्यात राखाडी कुठे बसलाय बघ. तो रंग तुझ्या आईला मुलीच्या लग्नात नेसवायचाय, तिथे जिथे बाकी सगळ्या बायका डाळिंबी आणि राणीमध्ये असतील. ती फोटोत कडेला उभी असेल आणि तिला कुणी काही न बोलता सुद्धा सगळ्यांना कळेल की ही कडेला का आहे.

मला हे पण मान्य आहे की कदाचित तिला खरंच फिकट हवं असेल. दीड वर्ष म्हणजे काही फार नाही. भडक रंग अंगावर घेववत नाही असं अनेक बायकांना होतं आणि ते त्यांचं दुःख आहे, त्यावर जबरदस्ती करून "तू लालच नेस" म्हणणं पण तितकंच वाईट. म्हणून शोधायचं एवढंच की हे तिला हवंय की लोक काय म्हणतील याची भीती आहे. ते घरी बसून विचारलंस तर ती सांगणार नाही, म्हणेल मला काय गं, काहीही चालतं. दुकानात ने. येवला तुमच्याच जिल्ह्यात आहे, एक रविवार काढ, दोघीच जा, आत्याला नको, काकूंना नको. दुकानदाराला सांग सगळे रंग टाका. आणि तू बोलू नकोस, तिचा हात कुठल्या साडीवर जातो, कुठली परत परत उलगडते ते बघ. एखादी अंजिरी, एखादी शेवाळी, जांभळट, गडद पण न ओरडणारे रंग कितीतरी आहेत, मोतिया आणि लाल एवढे दोनच पर्याय नसतात. मग घरी येताना गाडीत विचार, बाबांना तुझ्यावर कुठला रंग आवडायचा. रडेल कदाचित. रडू दे.

आणि भीती निघाली तर ती भीती तुला लग्नाच्या आधी घालवावी लागेल, त्या दिवशी नाही जमणार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे, तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही त्यांचं अनुकरण करायला सांगितलं. एक अख्खं गाव एकत्र बसून हे ठरवू शकतं तर तुमच्या घरातली दहा माणसं ठरवू शकतात. चुडा भरायच्या दिवशी आई खोलीत असणार की स्वयंपाकघरात, हळद तुला ती लावणार की नाही, तिला हळदी-कुंकू कोण लावणार, हे सगळं आधी ठरवा. कन्यादानाला ती एकटी बसू शकते का, गुरुजींना आधी विचार, एकट्या आईच्या हातून कन्यादान करणारे गुरुजी आता मिळतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीतर्फे स्त्रिया पण पौरोहित्य करतात. काका-काकूंनीच करावं असं आईला मनापासून वाटत असेल तर प्रश्नच नाही, पण तिला विचारलं तरी जाऊ दे.

इथे सासूबाईंची मदत घे. त्यांना रंग हवाय ना लग्नात, त्यांना सांग माझ्या आईच्या अंगावर पण हवाय, आणि तिला पहिलं हळदी-कुंकू तुम्ही लावा. विहिणीने पुढे होऊन लावलं की बाकी कुणाची काही बोलायची हिंमत होत नाही. मला पत्रावरून त्या बाई मनाने मोकळ्या वाटल्या, ज्यांना झेंडू आणि केळीचे खांब एवढे आवडतात त्या हे नाकारतील असं वाटत नाही. आणि नाकारलंच तर तेही तुला आत्ता कळलेलं बरं.

आत्याला तू स्वतः फोन कर, आईला करायला लावू नकोस. भांडायचं नाही. म्हण, आत्या, तू काळजीपोटी म्हणालीस हे कळतं, पण आईची साडी आईच ठरवेल, आणि तू त्या दिवशी तिच्या शेजारी उभी रहा, एवढंच. भावाच्या आठवणीने ती पण हळवी झालेली असणार, तिलाही काहीतरी काम दे, तुझ्या मुंडावळ्या तिला आणायला सांग.

येवल्याला जायचं तर लवकर जा. हातमागावर विणून घ्यायची असेल तर साध्या पदराच्या पैठणीला काही आठवडे आणि भरलेल्या पदराला काही महिने जातात, तयार घेणार असशील तर प्रश्न नाही. डेकोरेटरला टोकन त्यानंतर दे, आईच्या साडीचा तुकडा किंवा नीट उन्हात काढलेला फोटो त्याला दाखवून. तोपर्यंत त्याला एवढंच कळव की वरचं कापड क्रीम, जांभळे लाईट नकोत, आणि पांढऱ्या फुलांचं अजून नक्की नाही.